भाषाविकास की बोलीचे अंतर? : शालेय वयातील मराठी मुलांच्या भाषिक मूल्यमापनाचा प्रश्न

१. प्रास्ताविक

'या मुलाची भाषा कच्ची आहे' हा शेरा प्राथमिक शाळेला नवा नाही. शेरा मारणाऱ्या शिक्षकाच्या मनात त्याचा अर्थ बहुधा स्पष्ट असतो. मूल 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणते, उत्तर एका शब्दात देते, निबंधात वाक्ये अपुरी सोडते. परंतु भाषाभ्यासाच्या दृष्टीने हा शेरा संदिग्ध आहे. मुलाची भाषिक क्षमता त्याच्या वयाच्या मानाने मागे पडली आहे, असे त्यातून सुचवायचे असते, की मुलाच्या घरची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी आहे एवढेच सांगायचे असते? या दोन विधानांचे परिणाम अगदी भिन्न आहेत. पहिल्या स्थितीत मुलाला तज्ज्ञाच्या साहाय्याची गरज असते. दुसऱ्या स्थितीत मुलाला काहीच झालेले नसते, बदलायला हवी असते ती अध्यापनाची रीत.

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव या प्रश्नाच्या विचारासाठी सोयीचे स्थळ आहे. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेला, हिंजवडीला लागून असलेल्या या गावाचा परिसर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या वाढीबरोबर पालटत गेला. शेजारच्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. या वाढीमागे जे स्थलांतर आहे, त्यात मराठवाडा, विदर्भ, सोलापूर या भागांतील कुटुंबे आहेत, तशीच उत्तर कर्नाटकातील, उत्तर प्रदेशातील आणि बिहारमधीलही आहेत. अशा परिसरातील प्राथमिक शाळेच्या एका वर्गात मावळ-मुळशीची मराठी, लातूरकडची मराठी, वऱ्हाडी, कन्नड आणि भोजपुरी घरातून घेऊन आलेली मुले एकाच बाकावर बसू शकतात. या सर्वांच्या भाषाविकासाचे मोजमाप एकाच मापाने करावयाचे झाल्यास ते माप कोणते असावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. मूल्यमापन नेमके कशाचे?

भाषेच्या संदर्भात 'मूल्यमापन' हा शब्द किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली गोष्ट संपादणूक, म्हणजे पाठ्यपुस्तकात शिकविलेले मुलाने किती आत्मसात केले. दुसरी वाचन-लेखनाचे कौशल्य. तिसरी प्रत्यक्ष भाषाविकास, म्हणजे ऐकलेले समजणे, शब्दांचे अर्थ आणि परस्परसंबंध जाणणे, गुंतागुंतीची वाक्ये रचणे आणि एखादी घटना सुसंगतपणे सांगणे. या तिन्हींचा परस्परांशी संबंध आहे, परंतु एकावरून दुसरीचा निवाडा करता येत नाही.

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेले 'असर' सर्वेक्षण दुसऱ्या प्रकारात मोडते. मूल अक्षर वाचते, शब्द वाचते, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचते की दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते, हे त्यात घरोघरी जाऊन पाहिले जाते. मोठ्या प्रदेशाचे चित्र पाहण्यासाठी हे साधन उपयुक्त आहे. पण गोष्ट वाचता न येणाऱ्या मुलाला ती गोष्ट ऐकून समजते की नाही, हे त्यातून कळत नाही. आठ वर्षांचे एखादे मूल जोडाक्षरापाशी अडखळते, तेव्हा अडचण भाषेची असेलच असे नाही, ती लिपीचीही असू शकते. सोनाली नाग यांनी कन्नड माध्यमाच्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, भारतीय वर्णाक्षरी लिपींतील अक्षरसंच मोठा असल्याने तो पूर्ण अवगत होण्यास प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. बाराखडी आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीबाबतही याच दिशेने विचार करावा लागतो.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने वाचनाच्या वेगाला महत्त्व दिले. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, अशी अपेक्षा त्यात नोंदविलेली होती. 'शब्द' हे एकक सर्व भाषांत सारखे असते, हे येथे गृहीत धरले जाते. 'आमच्या घरासमोरच्या झाडावर चिमणीचे घरटे आहे' हे मराठी वाक्य ६ शब्दांचे आहे. 'हमारे घर के सामने के पेड़ पर चिड़िया का घोंसला है' या त्याच अर्थाच्या हिंदी वाक्यात ११ शब्द आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात, हिंदीत ती सुटी राहतात. परिणामी शब्दांची मोजणी केल्यास समान गतीने वाचणारे मराठी मूल हिंदी मुलाच्या मागे पडल्यासारखे दिसेल. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मार्च २०२२ मध्ये २० भाषांमध्ये जे पायाभूत अध्ययन सर्वेक्षण केले, त्यात प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र मानके ठरविली गेली. भाषेच्या रचनेचा विचार न करता केलेले मापन फसवे ठरते, या जाणिवेशी हे पाऊल सुसंगत आहे.

३. हाँगकाँगचा अनुभव

एखाद्या भाषक समाजाने स्वतःच्या मुलांसाठी मापनसाधन कसे घडवावे, याचे बोलके उदाहरण कँटोनी भाषेत सापडते. हाँगकाँगमध्ये बराच काळ लहान मुलांसाठी 'रेनेल' या मूळच्या इंग्रजी विकासश्रेणीचे कँटोनी रूपांतर वापरले जात होते. ते १९८७ मध्ये सिद्ध झाले. रूपांतराची अडचण अशी की, कसोटीचा सांगाडा मूळ भाषेचाच राहतो. इंग्रजीत मुलाला अवघड जातात त्या गोष्टी, म्हणजे क्रियापदाची भूतकाळी रूपे, अनेकवचनाचा प्रत्यय, तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय, कँटोनीत अस्तित्वातच नाहीत. उलट कँटोनीत संख्येनंतर वस्तूच्या आकार-प्रकारानुसार योग्य वर्गदर्शक शब्द योजावा लागतो, क्रियेची अवस्था क्रियापदामागे येणाऱ्या स्वतंत्र चिन्हांनी दाखविली जाते, आणि वाक्याच्या शेवटी येणारे लहान निपात बोलणाऱ्याचा भाव व्यक्त करतात. कँटोनी मूल जेथे खरोखर झगडते ती स्थळे इंग्रजी कसोटीच्या नजरेत येत नाहीत.

या जाणिवेतून २००६ मध्ये शालेय वयाच्या मुलांसाठी 'हाँगकाँग कँटोनी मौखिक भाषा मूल्यमापन श्रेणी' तयार झाली. ती ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिचे घटक पाहण्यासारखे आहेत : कँटोनी व्याकरण, ऐकलेल्या मजकुराचे आकलन, शब्दांचे परस्परसंबंध, शब्दाची व्याख्या, कथन आणि नामांचा संग्रह. वाचन-लेखन यात नाही. त्याला कारण आहे. हाँगकाँगमधील मूल घरी आणि वर्गात कँटोनी बोलते, पण लिहिते-वाचते ती प्रमाण चिनी. शब्दसंग्रह आणि वाक्यरचना या दोन्ही बाबतींत ती त्याच्या बोलण्यापासून दूर आहे. लेखी परीक्षेतून मुलाचा भाषाविकास मोजला असता, तर ते बोलीपासून लेखनभाषेपर्यंतच्या अंतराचे मोजमाप झाले असते.

मराठी अभ्यासकाला येथे ओळखीचा प्रदेश दिसेल. मराठीच्या बोली आणि मराठीची लेखनभाषा यांतील अंतर कँटोनी आणि प्रमाण चिनी यांच्याइतके मोठे नाही. परंतु त्याचे स्वरूप तेच आहे, आणि अंतर लहान असल्यामुळेच ते नजरेआड होते. कँटोनी मूल चिनी लिहिताना चुकले तर ते दुसरी भाषा शिकत आहे, हे सर्वांना मान्य असते. लातूरकडचे मूल 'पुस्तकी' मराठी लिहिताना चुकले, तर त्याला स्वतःची भाषाच येत नाही असे समजले जाते.

४. मराठीची रचना आणि कसोटीचे घटक

मराठीसाठी कसोटी घडवावयाची झाल्यास तिचा आरंभ मराठीच्या व्याकरणापासून व्हायला हवा. या दृष्टीने तीन स्थळे विशेष महत्त्वाची वाटतात.

(अ) सामान्यरूप. प्रत्यय लागण्यापूर्वी नामाच्या रूपात होणारा बदल मराठी व्याकरणकारांनी तपशीलाने नोंदविला आहे. मो. के. दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून ही चर्चा अभ्यासकांच्या परिचयाची आहे. घोडा-घोड्याला, पाणी-पाण्यात, भाऊ-भावाने, माणूस-माणसाला, विहीर-विहिरीत ही रूपे मूल पाठ करत नाही, त्यांमागचा नियम ते उचलते. नियम उचलला आहे की ऐकलेले रूप केवळ लक्षात राहिले आहे, हे ओळखण्यासाठी जीन बर्को या संशोधिकेने १९५८ मध्ये इंग्रजीसाठी योजलेली युक्ती उपयोगी पडते. मुलाला काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याला अर्थहीन नाव द्यायचे आणि ते नाव वाक्यात वापरायला लावायचे. मराठीत 'हा गुबडा आहे. राजू याला भाकरी देतो. राजू कोणाला भाकरी देतो?' असे विचारल्यास 'गुबड्याला' हे उत्तर अपेक्षित आहे. 'हा टामूक आहे' असे सांगितल्यावर 'टामकाला' असे उत्तर आल्यास 'माणूस-माणसाला' या वर्गाचा नियमही मुलाने पकडला आहे, असे अनुमान करता येते.

(आ) लिंग आणि सुसंवाद. मराठीत तीन लिंगे आहेत, आणि विशेषण, सर्वनाम व क्रियापद यांची रूपे त्यांनुसार बदलतात. निर्जीव वस्तूंचे लिंग अर्थावरून ठरविता येत नाही. खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो. शब्दाच्या अंत्य स्वरावरून काही अंदाज बांधता येतो, पण व्यंजनान्त नामांत तोही आधार सुटतो. दगड तो, भिंत ती, झाड ते. हे लिंग मुलाला वापरातूनच कळते, म्हणून ते किती ऐकले आहे यावर बरेच अवलंबून राहते.

(इ) प्रयोग. 'मुलगा आंबा खातो' या वाक्यात क्रियापद कर्त्याकडे पाहते, 'मुलाने चिंच खाल्ली' यात ते कर्माकडे पाहते, 'मुलाने मांजराला मारले' यात ते कोणाकडेच पाहत नाही. शिवाय 'ने' हा प्रत्यय तृतीय पुरुषात दिसतो, 'मी' आणि 'तू' यांना तो लागत नाही. 'मला आंबा आवडतो' यात अनुभव घेणारा चतुर्थीत जातो. काळ, पुरुष आणि क्रियापदाचा प्रकार यांवर अवलंबून असलेली ही व्यवस्था सांभाळणे हे मराठी मुलाचे मोठे भाषिक कार्य आहे. याचे निरीक्षण न करणारी कसोटी मराठीची म्हणता येणार नाही.

पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या बाबतीत वाक्याची सरासरी लांबी हे विकासाचे ढोबळ माप मानले जाते. रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये ते रूपिमांच्या संख्येवर आधारले. शालेय वयात हे माप अपुरे पडते, कारण या वयातील वाढ वाक्याच्या लांबीपेक्षा त्याच्या बांधणीत अधिक दिसते. 'जो-तो', 'जेव्हा-तेव्हा', 'जर-तर', 'म्हणून', 'तरी', 'असे त्याला वाटले' यांसारख्या रचना आणि त्यांच्या आधारे केलेले कथन हाच या वयातील विकासाचा खरा दर्शक होय.

५. बोलीभेद की दोष?

कसोटीचे घटक ठरले तरी प्रश्न संपत नाही. उत्तर 'बरोबर' कशाला म्हणायचे, हे ठरविणे बाकी राहते. कोल्हापूरकडील स्त्रिया स्वतःविषयी बोलताना 'मी येतो', 'मी जातो' असे म्हणतात, हे सर्वपरिचित आहे. तेथून आलेली सात वर्षांची मुलगी 'मी शाळेत जातो' म्हणाली, तर तिच्या लिंगसुसंवादात दोष आहे असे म्हणणे म्हणजे तिच्या आईच्या आणि आजीच्या भाषेत दोष आहे असे म्हणणे होय. वऱ्हाडातून आलेले मूल 'मले', 'तुले' म्हणते, 'जाऊन राहिला' म्हणते, 'डोळा'चा उच्चार 'डोया' करते. लातूर-धाराशिवकडचे मूल 'मी जायलोय', 'तो करायलाय' म्हणते. 'ण'च्या जागी 'न' तर महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ऐकू येतो. यांतील एकही रूप अविकसिततेचे लक्षण नाही. प्रत्येकामागे प्रौढांच्या बोलीतील सुस्थिर नियम आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा १९०५ चा मराठीविषयक खंड, अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात हाती घेतलेले बोलींचे सर्वेक्षण, आणि अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी सिद्ध केलेली बोलींची ध्वनिमुद्रित सामग्री यांतून हे नियम पडताळून पाहता येतात.

यावरून मूल्यमापनाचे एक व्यवहार्य तत्त्व हाती येते. प्रत्येक घटकात बोलीनुसार बदलणारा भाग आणि सर्व मराठीला समान असलेला भाग वेगळा करावा, व गुण दुसऱ्याला द्यावेत. वरील उदाहरणात एका मुलाने 'गुबड्याला' म्हटले आणि वऱ्हाडी मुलाने 'गुबड्याले' म्हटले, तर दोघांनीही सामान्यरूपाचा नियम पाळला आहे. 'ला' की 'ले' हा प्रश्न कसोटीचा नाही. 'गुबडाला' म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र आणखी चौकशी आवश्यक ठरते, आणि या चौकशीचा पहिला प्रश्न असा असावा की, त्याच्या घरचे प्रौढ काय म्हणतात.

हे तत्त्व कथनाला लावून पाहता येईल. पाच चित्रांची एक मालिका कल्पावी : कुत्र्याचे पिल्लू फुलपाखरामागे धावते, विहिरीत पडते, त्याची आई भुंकते, एक मुलगा येतो, टोपली सोडून पिल्लाला वर काढतो. ही चित्रे पाहून दोन मुलांनी गोष्ट सांगितली असे समजू. दोन्ही कथने येथे उदाहरणादाखल रचली आहेत.

पहिले मूल : 'पिल्लू आहे. पिल्लू पाण्यात पडले. कुत्री आहे. मुलगा आला. मुलाने टोपली घेतली. पिल्लू बाहेर आले.'

दुसरे मूल : 'पिल्लू फुलपाखराच्या मागं पळायलं होतं, त्येला हीर दिसलीच न्हाई, म्हनून पडलं. त्येची आई लई भुकायली, कारन तिला वाटलं आता पिल्लू मरतंय. मग पोरानं बघितलं आन् टोपली दोरीला बांधून खाली सोडली.'

शुद्धलेखनाच्या नजरेने पाहिल्यास पहिले कथन निर्दोष आहे आणि दुसऱ्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत खूण करावी लागेल. भाषाविकासाच्या नजरेने निर्णय उलटा होतो. पहिल्या कथनात सहा सुटी वाक्ये आहेत. त्यांना जोडणारा कार्यकारणाचा धागा नाही, पात्रांच्या मनात काय चालले आहे याचा उल्लेख नाही. दुसऱ्यात 'म्हणून' आणि 'कारण' आहेत, आईच्या मनातील भीती आहे, 'बांधून सोडली' अशी एका क्रियेत दुसरी गुंफलेली रचना आहे, 'पोरानं ... टोपली ... सोडली' यात कर्मणी प्रयोगाचा सुसंवाद अचूक आहे. दोन्ही मुले आठ वर्षांची असतील, तर काळजीने पुन्हा पाहावे लागेल ते पहिल्याकडे. प्रचलित परीक्षेत मात्र तेच मूल पुढे राहण्याची शक्यता अधिक.

६. दुसऱ्या बाजूची चूक

वरील विवेचनाचा अर्थ असा लावला जाऊ नये की, बोलीभाषक मुलाची प्रत्येक अडचण ही केवळ बोलीची असते. ऐकू नीट येते, बुद्धी सर्वसामान्य आहे, तरीही भाषा आत्मसात करण्यातच अडथळा आहे, अशी मुले प्रत्येक समाजात असतात. टॉम्बलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात केलेल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बालवर्गाच्या वयातील अशा मुलांचे प्रमाण शंभरात सुमारे ७ आढळले. हे प्रमाण आधारभूत धरले तर तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असू शकतात. 'गावाकडची भाषा आहे, हळूहळू सुधारेल' या सहानुभूतीच्या वाक्याखाली ही मुले झाकली जातात. भिन्नतेला दोष समजणे ही एक चूक, आणि दोषाला भिन्नता समजणे ही तितकीच गंभीर दुसरी चूक. स्थलांतरित मुलांच्या वाट्याला या दोन्ही येतात.

दोहोंत फरक करण्याच्या काही रीती उपलब्ध आहेत. एक म्हणजे अर्थहीन शब्दांची पुनरुक्ती. 'बातूम', 'किलोपडा', 'मुदगेरावी' अशी वाढत्या लांबीची अक्षरे मुलाने ऐकून तशीच म्हणायची. हे शब्द कोणाच्याच घरचे नसल्यामुळे शब्दसंग्रहाच्या कमी-अधिकपणाचा परिणाम येथे कमी होतो. मात्र शब्द रचताना 'ळ' आणि 'ण' यांसारखे बोलीनुसार बदलणारे ध्वनी टाळावे लागतात. दुसरी रीत शिकवून पाहण्याची. मुलाला एखादा नियम वा कथनाचा नमुना थोडा वेळ शिकवावा आणि त्याने तो किती लवकर उचलला हे पाहावे. ज्याला केवळ संधी मिळाली नव्हती ते मूल भराभर पुढे जाते. ज्याला मूलभूत अडथळा आहे ते पुनःपुन्हा साहाय्य मागते. तिसरी रीत पालकांशी बोलण्याची. 'हे मूल घरात, त्याच्या भावंडांच्या तुलनेत, उशिरा बोलू लागले का? घरच्या माणसांना त्याचे बोलणे कळते का?' या प्रश्नांची उत्तरे कित्येकदा कसोटीपेक्षा अधिक सांगतात. घरच्या भाषेतही मूल मागे असेल, तर शाळेची भाषा हे त्याचे कारण असू शकत नाही.

हाच निकष द्विभाषिक मुलाला लागू होतो. हिंदी घरातील मुलाला दोन लिंगांची सवय असते. 'पुस्तक' त्याच्या भाषेत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. 'चाय' स्त्रीलिंगी, 'चहा' पुल्लिंगी. कन्नड घरातील मुलाच्या दृष्टीने सर्व निर्जीव वस्तू एकाच, नपुंसक, वर्गात जातात. या मुलांच्या मराठीतील लिंगाच्या चुका अपेक्षितच आहेत. त्या पहिल्या भाषेच्या नियमाने झालेल्या चुका आहेत. जिम कमिन्स यांनी १९८० च्या सुमारास दाखविले की, नव्या भाषेतील रोजचे संभाषण मुलाला साधारण दोन वर्षांत जमते, पण त्या भाषेतून अभ्यास करण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षे लागतात. मैदानावर सफाईने मराठी बोलणारे बिहारी मूल परिसर अभ्यासाच्या पाठाशी अडते, तेव्हा ते आळशी असल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी हा कालावधी ध्यानात घ्यावा लागेल.

७. परीक्षेची परिस्थिती

कसोटी कितीही काळजीपूर्वक रचली तरी ती कोण, कोठे आणि कसे घेतो यावर तिचे फळ अवलंबून असते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका आठ वर्षांच्या मुलाचे उदाहरण दिले. औपचारिक प्रश्नांना तो एकाक्षरी उत्तरे देत होता. मुलाखत घेणारा खाली जमिनीवर बसला, सोबत खाऊ आणला, मुलाच्या मित्रालाही बोलावले, आणि तोच मुलगा भरभरून बोलू लागला. पहिल्या भेटीवरून त्याला 'भाषिक दारिद्र्य' आहे असा निष्कर्ष सहज निघाला असता.

महाराष्ट्रात या दिशेचा विचार अपरिचित नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील सामाजिक भेदांवर १९७३ मध्ये प्रबंध लिहिला आणि पुढे फलटणमध्येच मुलांच्या वाचन-लेखनाचे काम उभारले. भाषावैज्ञानिक निरीक्षण आणि वर्गातले अध्यापन एकाच व्यक्तीच्या कामात जोडले गेल्याचे हे विरळ उदाहरण आहे. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांची शाळा त्यांच्या अंगणात नेली. मुलाला शाळेत आणून गप्प करण्यापेक्षा, ते जेथे बोलते तेथे जाऊन ऐकावे, ही दृष्टी त्यामागे होती. वाडा आणि यादगीर येथील मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करणाऱ्या, २०१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषांतील साक्षरता संशोधन प्रकल्पातही असे आढळले की, वर्गातील बराच वेळ लिपीच्या सरावात जातो आणि अर्थाविषयीच्या बोलण्याला फार थोडी जागा मिळते. ज्या वर्गात मूल बोलतच नाही, तेथे त्याच्या भाषेचे मूल्यमापन होणे शक्य नाही.

८. समारोप

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येतील.

(१) भाषेची कोणतीही कसोटी दोन गोष्टी एकत्र मोजते : मुलाची क्षमता, आणि मुलाच्या घरच्या भाषेपासून कसोटीच्या भाषेपर्यंतचे अंतर. या दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय गुणांना अर्थ नाही.

(२) मराठीसाठीची कसोटी इंग्रजी साधनाच्या भाषांतरातून मिळणार नाही. सामान्यरूप, त्रिलिंगी सुसंवाद, प्रयोगव्यवस्था आणि कथन यांवर ती आधारावी लागेल. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये सिद्ध केलेल्या 'डाली' या वाचनदोष-निदानाच्या साधनात हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश झाला, ही स्वागतार्ह घटना आहे. वाचनाच्या अलीकडील, बोलण्या-ऐकण्याच्या पातळीवरही तेवढीच काळजी घ्यायला हवी.

(३) बोलीनुसार बदलणाऱ्या रूपांना गुणांकनात स्थान नसावे. मुलाची तुलना शक्यतो त्याच्याच भाषिक परिसरातील समवयस्कांशी करावी.

(४) शंका आल्यास घरच्या भाषेची चौकशी आधी करावी, आणि तेथेही मूल मागे असल्यास 'सुधारेल' म्हणून न थांबता श्रवणतपासणी व वाचातज्ज्ञ यांच्याकडे पाठवावे.

या कामात मराठी विभागांचा वाटा मोठा आहे. प्रौढांची बोली माहीत नसेल तर मुलाची चूक ओळखता येत नाही, आणि बोलींचे वर्णन हे भाषाभ्यासकाचेच क्षेत्र आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बोलीविषयक प्रबंधिकांत सामान्यतः वृद्ध निवेदकांकडून शब्द, म्हणी आणि ओव्या गोळा केल्या जातात. त्याच गावातील सहा, आठ आणि दहा वर्षांच्या मुलांनी एकच चित्रकथा कशी सांगितली याची नोंद त्यांत जोडली गेली, तर अशा नोंदींतून काही वर्षांत बोलीनिहाय मानकांचा पाया घालता येईल. मारुंजीसारख्या गावातील शाळेत हे काम एका विद्यार्थ्याला एका सत्रात करता येण्याजोगे आहे. तेथील शिक्षकाला 'भाषा कच्ची' हा शेरा लिहिण्यापूर्वी, कोणती भाषा आणि कोणत्या मापाने कच्ची, हे विचारण्यास त्यातून आधार मिळेल.